न उडालेला बार

ट्रिगर ओढला आणि काहीच झालं नाही. धडाका नाही, झटका नाही, नळीच्या तोंडाशी ठिणगी नाही. नुसतं एक कोरडं 'टक्'. पण त्या 'टक्'सरशी माझ्या हातातल्या पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं. गोळी सुटलीच नव्हती, म्हणजे धक्का बसायचा प्रश्नच नव्हता. पिस्तूल खाली खेचलं ते माझ्याच हाताने. सात यार्डांवर टांगलेला कागद जागच्या जागी लोंबत होता आणि मी गोठल्यासारखी उभी होते. शिकवणाऱ्या बाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानांवरच्या मफमधूनही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघितलंस? आवाज व्हायच्या आधीच तुझा हात घाबरला." मॅगझिन भरून देताना त्यांनी खऱ्या काडतुसांत नारिंगी प्लॅस्टिकचं एक खोटं काडतूस सरकवलं होतं. ते कितवं, हे मला कळू दिलं नव्हतं. खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्याच्या धांदलीत हाताची ही चोरी झाकून जाते. खोट्या काडतुसावर ती उघडी पडते. माझी आधीची सगळी छिद्रं कागदावर डावीकडे खाली का पडत होती, याचं उत्तर मला तिथे मिळालं. पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात छिद्रं नव्हती. माझा हात माझ्या आधी काहीतरी करतो, आणि ते मला कळतसुद्धा नाही, एवढंच होतं. पुढचे कित्येक दिवस तेच होतं.

नेमबाजीच्या त्या रेंजवर मी का उभी होते, ते सांगायला मार्चमधल्या एका रात्रीकडे जावं लागेल. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. एकाच बिल्डरने एकाच नकाशावर उभारलेली शंभरेक घरं, तीच विटांची कमान, तेच तपकिरी दार. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता, पंधरा वर्षांचा मुलगा वर झोपला होता. रात्री पावणेदोनला कुणीतरी दार बडवायला लागलं. घंटा नाही, टकटक नाही. मुठीने, मग लाथेने. दाराची मूठ खडाखडा हलत होती. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी, एका हातात फोन, दुसरा हात कठड्यावर. पोलीस-मदतीच्या नऊशे अकरा नंबरवरच्या बाईला पत्ता सांगताना माझ्याच घराचा नंबर मला दोनदा आठवून सांगावा लागला. तोंडाला कोरड पडणं म्हणजे काय, हे त्या रात्री कळलं; जीभ टाळूला चिकटली होती. बाहेरचा माणूस काहीतरी ओरडत होता, आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की तो "मॉम" म्हणतोय. मॉम, दार उघड.

मागच्या गल्लीतला मुलगा होता. विशीतला, दारूने तर्र, एका पायात बूट नाही. मित्राने चुकीच्या गल्लीत सोडलं आणि तो आपल्याच घराचं दार समजून आमचं दार बडवत होता. पोलिसांनी त्याला धरून, चालवत, त्याच्या घरी नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई आली, हातात जरबेराची कुंडी घेऊन. माझ्याच वयाची बाई, डोळे सुजलेले. पुन्हापुन्हा माफी मागत होती. मी तिला बसवलं, आल्याचा चहा करून दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिची दया आली, अगदी मनापासून आली. आणि ती गेल्यावर, कप विसळायच्याही आधी, मी लॅपटॉप उघडून पिस्तुलांची माहिती शोधायला बसले.

या दोन्ही गोष्टी त्याच संध्याकाळी मीच केल्या.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२३ मध्ये, कॅन्सस सिटीची ती बातमी आली. सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या जुळ्या भावांना आणायला गेला, सारख्याच नावाच्या रस्त्याच्या घोटाळ्यात चुकीच्या दाराची घंटा वाजवली, आणि आतल्या ८४ वर्षांच्या घरमालकाने दारातूनच दोन गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. बातमी वाचताना मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या खाली आमचा जिना होता, खडाखडा हलणारी मूठ होती, आणि कठड्यावरचा माझा हात होता. त्या हातात त्या रात्री काही असतं तर?

बंदूक मला अगदीच परकी नाही. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, डोंगराच्या कुशीतलं. आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. अशी बंदूक आमच्याकडच्या पुष्कळ घरांत असायची. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, वानरं नारळ-केळीचा फडशा पाडतात, आणि राखण करणाऱ्याला नुसत्या आरोळीवर भागत नाही. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, मतमोजणी झाली की आणायची, आणि आणली की आजोबा आधी नळीत तेलाची चिंधी फिरवत बसायचे. कारण ती परत यायची ती गंजून. दसऱ्याला कोयती, नांगराचा फाळ, बाबांची सायकल यांच्या ओळीत तीही झेंडूचा हार घालून भिंतीला टेकायची. एरवी ती माळ्यावर. बंदुकीच्या दारूची बाटली वेगळी, टोप्यांची डबी वेगळी, आणि डबीची किल्ली आजोबांच्या करगोट्याला. आम्हा पोरांनी तिला हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता, हार सरळ करायच्या निमित्ताने, आणि आजोबांनी आयुष्यात एकदाच माझ्या गालावर चापट मारली ती तेव्हा.

त्यांना बार काढताना मी किती वेळा पाहिलं असेल! दारू मोजून ओतायची, चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचं. ठासताना गजाचा एक विशिष्ट नाद यायचा. तो बदलला की आजोबांना कळायचं, आता पुरे. मग घोडा मागे ओढून टोपी बसवायची. त्या सगळ्या खटाटोपाला दोन-तीन मिनिटं लागायची, आणि आज मला वाटतं, त्या मिनिटांत माणसाला विचार करायला सक्तीची सवड मिळत असे. डुक्कर तोवर अर्ध्या वेळा निघून गेलेलं असायचं. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. गेलं ना, झालं काम.

तर मी दुकानात गेले. इथली दुकानं आपल्या सराफाच्या पेढीसारखी असतात. काचेचं लांब कपाट, खाली पिवळसर दिवे, काळ्या मखमलीवर एकेक नग मांडलेला. विक्रेता तरुण होता, नम्र होता. मी म्हटलं, मला शिकायचंय आणि घरात संरक्षणासाठी असावं असंही वाटतंय. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हातांकडे एकदा, आणि कपाटातून एक इवलंसं रिव्हॉल्व्हर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. आखूड नळी, पाच गोळ्यांचं चक्र, जांभळट रंगाची मूठ. "बायका हेच नेतात," तो म्हणाला. खरंच हलकं होतं. चारशे ग्रॅमच्या आसपास, भाजीतल्या दोन मोठ्या कांद्यांएवढं. तळहातात इतकं नीट बसलं की मला ते आवडलं, हे मी कबूल करते. त्या क्षणी मी पैसे दिले असते. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला आणि मी "विचार करते" म्हणून बाहेर पडले.

पुढे रेंजवर तसंच एक रिव्हॉल्व्हर भाड्याने घेऊन चालवलं तेव्हा कळलं की मला जे आवडलं होतं तेच त्यात नवशिक्याला सगळ्यात वाईट होतं. काडतूस तेच, ताकद तीच, आणि तो धक्का पचवायला वजन मात्र नाही. मग तो सगळा जातो कुठे, तर मनगटात. त्यातल्या ३८ स्पेशल काडतुसाच्या पाचव्या गोळीनंतर माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल झाली होती. त्यात घोडा बाहेर नसलेल्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब आणि जड. पाच-साडेपाच किलोचा जोर एका बोटाने लावायचा, आणि लावता लावता नेम हलू द्यायचा नाही. नळी आखूड, त्यामुळे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी. डोळ्याला न दिसणारी चूक कागदावर हातभर दिसते. हे हत्यार वाईट नव्हे. वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाच्या खिशात ते शोभतं. पण 'लहान हात, लहान पिस्तूल' हा हिशेब ज्याने कुणी मांडला, त्याने शिकणाऱ्या बाईला कधी विचारलेलं नाही.

हा हिशेब इथलाच नाही. २०१४ साली, दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर वर्षभराने, कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं होतं. वजन पाचशे ग्रॅम, पर्समध्ये मावणारं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा मी ती बातमी कौतुकाने वाचली होती. आता आठवते तेव्हा वाटतं, ज्या मुलीच्या नावाच्या अर्थाशी ते नाव जोडलं, तिच्यासारख्या बसने फिरणाऱ्या किती मुलींच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं काही असतं? आणि असलं तरी ते चालवायला त्यांना कोण, कुठे शिकवणार होतं?

शिकवणाऱ्या बाई मला नशिबानेच मिळाल्या. साठी ओलांडलेल्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आवाज शाळेतल्या पीटीच्या बाईंचा. पहिल्या दिवशी दोन तास त्यांनी मला गोळीला हातसुद्धा लावू दिला नाही. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी-शिक्षकाने रूढ केलेले चार नियम आधी तोंडपाठ करून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळीचं तोंड जाऊ द्यायचं नाही. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि चौथा: समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री. चौथा नियम म्हणताना माझा आवाज बसला. बाईंनी विचारलं, मग मी त्यांना मार्चची रात्र सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे दिवा होता ना दाराबाहेर? तो लावला होतास?" मी नव्हता लावला. सुचलंच नव्हतं. आज आमच्या दाराबाहेर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा आहे आणि कॅमेरा आहे. पिस्तुलावर एक पैसा खर्च करायच्या आधी मी तो खर्च केला, आणि कुणी मला विचारलं तर मी त्यालाही तेच आधी सांगते.

रेंजच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वास आला तो थेट नरक चतुर्दशीच्या पहाटेचा. जळक्या दारूचा, किंचित गोडसर, घशात बसणारा. क्षणभर उटण्याचाही भास झाला. पण त्या वासामागून जो आवाज आला तो लक्ष्मी बॉम्बचा नव्हता. कानात फोमचे बोळे, वर मफ, तरीही शेजारच्या लेनमधला आवाज कानापेक्षा छातीत वाजतो, बरगड्यांच्या आत. पहिल्या दिवशी दर वेळी डोळे मिटत होते. दुसऱ्या दिवशी कमी. बाईंनी सांगितलं होतं गळाबंद शर्ट घालून ये; मी विसरले, आणि काडतुसाची बाहेर फेकलेली एक गरम पुंगळी उडून गळ्यातून आत गेली. चटका बसला, तरी हातातलं पिस्तूल समोरच धरून उभी राहिले, याचं बाईंनी त्या दिवशी सगळ्यात जास्त कौतुक केलं. निघताना गार पाण्याने, साबण लावून, कोपरापर्यंत हात धुवायचे. काडतूस पेटवणाऱ्या टोपीत आणि गोळीत शिसं असतं, आणि गरम पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात असं तिथली जुनी माणसं सांगतात. ते हात धुणं मला स्मशानातून आल्यावरच्या हातपाय धुण्यासारखं वाटायचं. अजून वाटतं.

तिथे मी तऱ्हेतऱ्हेची पिस्तुलं भाड्याने घेऊन चालवली. माझं ठाम मत आहे की न चालवता पिस्तूल घेणं म्हणजे पायात न घालता चप्पल घेणं. ग्लॉक १९ चालवलं. इथे दर दुसरा माणूस तेच सुचवतो आणि त्याला कारणं आहेत. रिकामं असताना सहाशे-सातशे ग्रॅमच्या दरम्यान वजन, १५ गोळ्या, बाहेरून कुठला खटका नाही की कळ नाही, ट्रिगर ओढला की चालतं. हे शेवटचं त्याचं बळ आहे आणि मला त्याचीच धास्ती वाटली. नऊ मिलिमीटरचा धक्का त्या वजनात सोसतो, मनगट मोडत नाही. पण वरची स्लाइड मागे ओढताना माझी दमछाक. बोटांच्या चिमटीत धरून ओढत होते, बाईंनी पद्धत बदलून दिली: वरचा हात अख्ख्या पंजाने स्लाइडवर ठेव, आणि तो न हलवता खालचा हात पुढे ढकल. पाट्यावर वरवंटा रेटतात तसा जोर, खांद्यातून. झालं. स्मिथ अँड वेसनचं ३८० बोअरचं शील्ड ईझी चालवलं, २०१८ सालचं. त्याची स्लाइड मुळातच हलकी केलेली, सांधे धरलेल्या माणसालाही ओढता येईल अशी. माझ्या सासूबाईंचे हात मला त्या वेळी आठवले. ही सगळी चांगली पिस्तुलं आहेत. पण खोट्या काडतुसाचा तो प्रकार झाला ग्लॉकवरच, आणि त्यानंतर मी बाईंना सरळ विचारलं, "हाताची ही भीती जायला काय करू?"

त्यांनी माझ्या हातात रूगरचं मार्क फोर दिलं. बावीस बोअरचं.

लांब, बारीक, जड नळीचं पिस्तूल. किलोच्या वर वजन, मागे मुठीचा बाक जुन्या चित्रपटांतल्या पिस्तुलांसारखा. गोळी पेन्सिलीच्या टोकाएवढी. बावीसची ही लाँग रायफल गोळी १८८७ पासूनची आहे, आणि रूगर कंपनीने १९४९ मध्ये पहिली वस्तू बनवली तीही बावीसचंच पिस्तूल. मी ट्रिगर ओढला. 'फट्'. बस्स. हातात एक हलकी टिचकी. माशी किंचित उचलली आणि परत खाली बसली, आणि ती उचलताना आणि बसताना मला दिसली. नऊ मिलिमीटर चालवताना मला माशी कधी दिसलीच नव्हती. डोळे आधीच मिटलेले असायचे. दहा गोळ्यांतल्या आठ एका बशीएवढ्या जागेत. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. नऊ मिलिमीटरच्या एका गोळीच्या पैशात बावीसच्या तीनेक येतात, त्यामुळे तासाला शंभर-दीडशे गोळ्या चालवल्या तरी खिशाला चटका नाही, आणि हात शिकतो तो अशा मोजदादीनेच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते बावीस बोअरच्याच पिस्तुलावर. नेमबाजीत एशियाडचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तो अंतिम सामना मी नंतर शोधून पाहिला. गोळी सुटल्यावर तिचा हात किती वेळ तसाच समोर राहतो, ते मी पुन्हापुन्हा मागे नेऊन बघत होते.

दुकानात परत गेले तेव्हा त्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितलं की बावीस संरक्षणाला पुरं पडत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. गोळी लहान, शिवाय तिचं स्फोटक असतं तळाच्या कडेत, मधोमध नव्हे, आणि कडेत ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसलं तर काडतूस उडत नाही. हजारात काही काडतुसं अशी निघतातच. माझ्या ओळखीतले दोघेतिघेही म्हणाले, मग घ्यायचंच कशाला, एकदम नऊच घे, त्यावरच शीक. मला हे पटत नाही. शिकणं आणि संरक्षण ही दोन कामं आहेत, आणि घाबरलेला माणूस दोन्ही एकाच पैशात उरकायला बघतो. मी बघत होतेच. ज्या हाताला स्वतःची भीती अजून दिसत नाही, त्या हातात रात्री पावणेदोनला मोठी गोळी देणं हे मला संरक्षण वाटत नाही. मागच्या गल्लीतल्या त्या मुलाची आई माझ्या सोफ्यावर बसून चहा पिऊन गेली आहे.

कागदपत्रं म्हणाल तर चार-चार-सात-तीन क्रमांकाचा फॉर्म. बंदूक स्वतःसाठीच घेताय का, गुन्हा, अंमली पदार्थ, घरगुती हिंसा, नागरिकत्व, अशी उत्तरं भरायची. मग एफबीआयच्या यंत्रणेत तपासणी. एच-वन-बीवर होते त्या काळात मला हे दारच बंद होतं. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही, ठेवता येत नाही. आता नागरिक आहे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. माझा फॉर्म वीसेक मिनिटांत मंजूर झाला. गावी आजोबांच्या पश्चात बंदूक बाबांच्या नावावर करायला तहसील, पोलीस पाटील, ठाणं, जिल्हाधिकारी कार्यालय असे किती हेलपाटे झाले होते ते मला आठवतंय. तेव्हा मी त्या कारभारावर चिडले होते. पार्किंगमध्ये गाडीत डबा ठेवताना मात्र वीस मिनिटं मला फार कमी वाटली, आणि कुणीतरी मला आणखी काही विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं.

डबा घरी आणला तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न माझ्या मुलाचा होता. या देशात २०२२ साली ४८ हजारांवर माणसं बंदुकीने मेली, त्यांतल्या २७ हजारांनी स्वतःचाच जीव घेतला. बंदूक घेताना आपण दाराबाहेरच्या माणसाचा विचार करतो; आकडे घरातल्या माणसाविषयी बोलतात. पंधराव्या वर्षी मन कसं असतं? माझं काय होतं? दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणितात नापास झाले त्या रात्री मी विहिरीच्या काठावर जाऊन बसले होते, हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. म्हणून कपाटात भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी आली, आकड्यांच्या कुलपाची. आकडा मला आणि नवऱ्याला ठाऊक, आणि तो कुणाचाही वाढदिवस नाही. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. टेक्ससचा कायदाही म्हणतो की भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण मी कायद्याच्या धाकाने हे केलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आजोबांचा करगोटा होता. मुलाला बसवून मी सगळं सांगितलं, दाखवलं, रिकामं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने ते नीट पाहिलं आणि विचारलं, "मग रात्री कुणी आलं तर तू दोन कुलपं उघडणार?" मी म्हटलं, "नाही. आपण वर जायचं, दार लावायचं, फोन करायचा. दिवा आहे." तो म्हणाला, "ओके." त्याला पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मला स्वतःला तरी सगळ्या रात्री ते पटतं असं नाही. वाऱ्याने मागचं फाटक वाजतं तेव्हा मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडते आणि लोखंडी पेटीपर्यंतची पावलं मोजते.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "तुका कित्याक होयी गो ती?" मी सांगत गेले, ते ऐकत गेले. खोट्या काडतुसाचं सांगितलं तेव्हा मात्र ते एकदम बोलायला लागले. पावसाळ्यातली एक संध्याकाळ त्यांना आठवली, आणि त्यांनी आठवण दिल्यावर मलाही ती लख्ख दिसली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. भातात डुक्कर शिरलं होतं. आजोबांनी बांधावरून नेम धरला, चाप ओढला. टोपी फुटली, 'चट्' वाजलं, पण बार उडाला नाही. दारू दमट झाली होती. मी कानांवर हात दाबून बसले होते ते काढले, "काय झालां?" म्हणून पुढे धावले, आणि बाबांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. कारण दमट दारू कधीकधी आतल्या आत धुमसते आणि मग उडते. आजोबा हलले नाहीत. बंदूक खांद्याला, नळी डुकराच्या दिशेने, पाऊस भुरभुरतोय, इरल्याच्या कडेवरून थेंब पडतायत. डुक्कर केव्हाच पसार झालं होतं. तरी ते तसेच उभे. मला वाटलं, आजोबांना काहीतरी झालंय. किती वेळ गेला कोण जाणे, मग त्यांनी बंदूक हळूच खाली केली आणि बाबांना म्हणाले, "आता गज दी."

"त्येंचो हात कधी हाललो नाय," बाबा म्हणाले.

सहा महिने झाले. मी दर शनिवारी सकाळी जाते. घरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत बंद असताना, रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर पर्समधलं रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर ओढायचा सराव करते; नाणं पडता कामा नये. बावीसच्या बहुतेक पिस्तुलांत नुसताच ट्रिगर ओढू नये, आतली पिन नळीच्या कडेवर आपटते, म्हणून भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात ते पिवळे प्लॅस्टिकचे प्लग काडतुसाच्या जागी घालायचे, ही बाईंची युक्ती. सुरुवातीला दहातून सात वेळा नाणं फरशीवर. आता दहातून एखाद्या वेळी. नऊ मिलिमीटर अजून घेतलेलं नाही. घेईन की नाही, तेही ठरवलेलं नाही.

गेल्या शनिवारी चौथ्या मॅगझिनला 'टक्' झालं. बाईंकडे वळून बघायची इच्छा झाली, कारण मला वाटलं त्यांनीच काही घातलं असेल. पण त्या दिवशी मॅगझिन मीच भरलं होतं. म्हणजे हे खरं काडतूस होतं, न उडालेलं. अशा वेळी नळी समोरच ठेवून अर्धं मिनिट थांबायचं असतं. मी थांबले. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी धडाधड गोळ्या झाडत होतं, पुंगळ्या पत्र्यावर टणटणत होत्या. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन, मराठीत, शाळेत पाढ्यांच्या आधी म्हणायचो तसे. बाराच्या सुमाराला खांदा भरून यायला लागला. अठराला घामाचा एक थेंब चष्म्याच्या आत उतरला. माशी मला दिसत होती. ती टक् होताना किंचित दबली होती, नखाएवढी; ते मी पाहिलं होतं. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. मग मॅगझिन काढलं, नळीमागचा सरकता भाग त्याच्या कानांना धरून मागे ओढला, आणि काडतूस टुणकन् फळीवर पडलं. उचलून दिव्याखाली धरलं. पितळी तळाच्या अगदी कडेवर पिनेचा बारीक खड्डा पडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

कोपऱ्यात अशा काडतुसांसाठी लाल बादली असते. तिच्यात ते टाकलं, आणि हात धुवायला गेले.